पेरणीपूर्वीं तणांचा निकाल

आमच्या शाळेच्या विहिरीमागें सुमारें पांच गुंठ्यांचा एक तुकडा आहे. पूर्वीं तेथें वसतिगृहापुरती भाजी होत असे. पुढें पाण्याची ओढ पडली, माळी काम सोडून गेला, आणि सलग चार वर्षें त्या जमिनीकडे कोणी फिरकलें नाहीं. जमीन मात्र रिकामी राहत नाहीं. माणसानें तिच्यांत कांहीं पेरलें नाहीं, तर ती आपलें आपण पेरून घेते. चार वर्षांत त्या तुकड्यावर कमरेइतकें गाजरगवत माजलें, बांधाला घाणेरीचीं जाळीं झालीं, आणि मधल्या भागांत हराळीची अशी गादी बसली कीं तींत खुरपें रुतेना.

दोन वर्षांपूर्वीं नववीच्या विद्यार्थ्यांसह तो तुकडा पुन्हां लागवडीस आणण्याचा बेत आम्हीं केला. त्या बेतांत आमच्या हातून एक मोठी चूक घडली. ती चूक, व ती सुधारतांना पदरीं पडलेलें ज्ञान, वाचकांपुढें ठेवावें एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

जूनच्या मध्यास शाळा उघडली तेव्हां मृगाचे दोन पाऊस होऊन गेले होते व जमिनींत चांगला वाफसा होता. मुलांना बीं टोकण्याची घाई झाली होती, आणि खरें सांगावयाचें तर आम्हांलाही. आम्हीं भाड्यानें ट्रॅक्टर आणविला, त्यास रोटाव्हेटर जोडला, आणि तासाभरांत पांच गुंठे जमीन चाळलेल्या पिठासारखी भुसभुशीत झाली. वर एकही हिरवी काडी दिसेना. मुलें हरखलीं. दुसऱ्या दिवशीं सऱ्या ओढून गवार, भेंडी व चवळी टोकली. आठवड्याभरांत गवार वर आली; आणि तिच्या कितीतरी पटीनें हराळीचीं टोकेंही वर आलीं. तिसऱ्या आठवड्यांत सरी कोठें व वरंबा कोठें हें ओळखूं येईना. मुलें रोज सकाळीं खुरपीं घेऊन बसत, परंतु हराळी ओढतांना गवारीचें रोपही हातांत येई. शेवटीं गवार गेली, चवळी गेली. बांधाकडेच्या भेंडीचीं कांहीं झाडें तेवढीं उरलीं. त्या वेळीं एका विद्यार्थ्यानें आम्हांस विचारलें, "सर, आपण तण काढलें कीं लावलें?"

प्रश्नांत उर्मटपणा नव्हता. हा मुलगा ऊसतोडणीस जाणाऱ्या कुटुंबांतला. दिवाळीनंतर त्याचे आईबाप साखर कारखान्यांच्या मुलखांत जात व तो वसतिगृहांत राही. उंसाचें बेणें कसें लावतात हें तो आमच्याहून अधिक जाणत होता. उंसाचें कांडें तोडून त्यावरील डोळा ओल्या जमिनींत पुरला कीं नवा ऊस होतो. रोटाव्हेटरच्या पात्यांनीं हराळीच्या भूमिगत कांड्यांचे, म्हणजे काशांचे, असेच तुकडे केले. प्रत्येक तुकड्याला डोळा होता, जमिनींत ओल होती. आम्हीं आमच्या पैशानें, पांच गुंठे क्षेत्रावर, अत्यंत समप्रमाणांत हराळीची लागवड केली होती! तेव्हां त्या मुलाला आम्हीं प्रामाणिकपणें उत्तर दिलें कीं, "बाबा, लावलें."

त्या दिवसापासून या विषयाचा आम्हीं नीट विचार करूं लागलों.

तण म्हणजे काय? "तण खाई धन" ही म्हण आपल्या शेतकऱ्यांच्या तोंडीं आहे, आणि ती सर्वस्वीं खरी आहे. पिकाला मिळावयाचें पाणी, खत व ऊन तण वांटून घेतें. पीक लहान असतां, पहिल्या पांचसहा आठवड्यांत झालेली ही लूट पुढें कशानेंही भरून येत नाहीं. तरी कोणतीही वनस्पति जन्मतः दुष्ट नसते. जी हराळी शेतकऱ्यास रडविते तिच्याच कोवळ्या दूर्वा गणपतीस वाहतात, आणि तीच ओढ्याकांठची माती पावसांत धरून ठेवते. ज्या लव्हाळ्यानें मळे ओस पडतात त्याच्याच सुगंधी गांठी नागरमोथा या नांवानें वैद्याच्या फडताळांत असतात. आपणांस जेथें नको तेथें उगवलेली वनस्पति तें तण, इतकाच त्याचा अर्थ. म्हणून तणाशीं रागानें झुंजण्यांत कांहीं लाभ नाहीं. त्याची राहणी ओळखूनच त्याचा निकाल लावला पाहिजे.

आतां वेळेविषयीं. शुभवर्तमानांतील निदणाचा दाखला आमच्या वाचकांस परिचित आहे. गव्हांत उगवणारें निदण ओंबी येईपर्यंत गव्हासारखेंच दिसतें, दोहोंचीं मुळें एकमेकांत गुंततात, आणि म्हणून कापणीपर्यंत तें तसेंच राहूं द्यावें लागलें. दाखल्याचा आध्यात्मिक अर्थ येथें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. परंतु त्यांतील शेतकीचें सत्य आम्हांस गवारीच्या वाफ्यांत रोज अनुभवावयास मिळालें. एकदां पीक उभें राहिलें कीं शेतकऱ्याचे हात बांधले जातात. कुदळ मारावी तर रोप तुटतें, जमीन तापूं द्यावी तर पीक करपतें. हात मोकळे असण्याचा काळ एकच, तो पेरणीच्या पूर्वींचा. तो काळ आम्हीं तासाभरांत उरकून टाकला होता, ही आमची खरी चूक.

दुसऱ्या वर्षीं आम्हीं फेब्रुवारींतच आरंभ केला, आणि प्रथम कुदळ न चालवितां तपास केला. मुलांच्या चार टोळ्या केल्या. प्रत्येक टोळीनें आपल्या भागांत एक हात लांब, एक हात रुंद व वीतभर खोल असा खड्डा घेऊन त्यांतील माती चाळणीवर धुतली, व काय निघालें तें निरनिराळें मांडलें. त्यावरून आमच्या तणांचे तीन वर्ग पडले, आणि प्रत्येक वर्गाचा उपाय निराळा आहे हें समजलें.

पहिला वर्ग केवळ बियांवर जगणाऱ्या हंगामी तणांचा. टाकळा, काटेमाठ, गोखरू, घोळ, केना, गाजरगवत हीं त्यांपैकीं. यांचें मूळ उपटलें कीं झाड मरतें. परंतु त्यांचें खरें बळ जमिनींत साठलेल्या बियाण्यांत आहे. तणाचें बीं किती काळ दम धरतें याचा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. अमेरिकेंतील मिशिगन येथील प्राध्यापक विल्यम बील यांनीं १८७९ सालीं वीस बाटल्यांत ओलसर वाळूबरोबर निरनिराळ्या रानटी वनस्पतींचें बीं भरून त्या बाटल्या जमिनींत पुरल्या. ठराविक वर्षांनीं एकेक बाटली काढून बीं उगवतें कीं नाहीं हें पाहावयाचें, असा संकेत ठरला. तो त्यांच्या मागून आलेल्या शास्त्रज्ञांनीं पाळला. २०२१ सालीं, म्हणजे १४२ वर्षांनीं, उघडलेल्या बाटलींतीलही एका जातीचें बीं उगवलें! सर्वच बियांचा दम इतका मोठा नसतो हें खरें. तरी एका वर्षाच्या खुरपणीनें जमीन निर्मळ होईल ही आशा कोणीं धरूं नये. शिवाय पुष्कळ बारीक बियांना उगवण्यास उजेडाचा स्पर्श लागतो. खोल गाडलेलें बीं निजून राहतें. आपण माती उलटली कीं तें वर येऊन जागें होतें.

या वर्गांत दोघे लबाड आहेत. केना जमिनीवर निळीं फुलें धरतो तीं सर्वांस दिसतात. परंतु मातीखालीं, कोणास न दिसतां, तो दुसरीं फुलें धरून तेथेंही बीं करतो. त्याचा तोडलेला दांडा ओल्या मातीवर पडला तर पुन्हां मूळ धरतो. घोळीचेंही तसेंच. तिचीं मांसल देंठें उपटल्यावर दिवसेंदिवस ताजीं राहतात, व तशा स्थितींतही बीं पिकवितात. म्हणून हीं दोन तणें उपटून वाफ्यांत टाकूं नयेत, बाहेर न्यावींत.

गाजरगवताविषयीं चार शब्द अधिक लिहिणें अवश्य आहे. हें तण मूळचें अमेरिकाखंडांतलें. आपल्याकडे १९५५ च्या सुमारास तें पुण्यांत प्रथम ठळकपणें लक्षांत आलें, आणि परदेशी गव्हाबरोबर आलें असें लोक म्हणत. आज तें नाहीं असा रस्ता किंवा पडीक जागा सांपडणें कठीण. एकेका झाडाला हजारों बिया येतात. त्याच्या स्पर्शानें कित्येकांच्या अंगाला खाज व चट्टे उठतात, परागांमुळें दम्याचा त्रास होतो, आणि जनावर तें सहसा खात नाहीं. मेक्सिकोंतून आणलेला एक लहान भुंगेरा १९८४ सालीं बंगळूर येथें सोडण्यांत आला. तो पावसाळ्यांत याचीं पानें खाऊन झाडें उघडीं करतो, परंतु कोरड्या ऋतूंत मातींत निजून राहतो. म्हणून सर्व भार त्या भुंगेऱ्यावर टाकून चालत नाहीं. जमीन ओली असतां, पांढरीं फुलें येण्यापूर्वीं, हातमोजे घालून किंवा हाताला पिशवी गुंडाळून तें मुळासकट उपटावें. फुलें आल्यावर उपटलें तर हलवूं नये, झटकूं नये. ज्या मुलांच्या अंगावर पूर्वीं चट्टे उठले होते त्यांना आम्हीं या कामांतून वगळलें व पाणी भरण्यास लावलें.

दुसरा वर्ग भूमिगत कांड्यांवर व गांठींवर जगणाऱ्या बारमाही तणांचा. हाच खरा कठीण. हराळी जमिनीवर वेल पसरते व जमिनीखालीं काशा धाडते. काशीच्या प्रत्येक पेऱ्यावर डोळा असतो, व त्यापासून नवें झाड होतें. काळ्या खोल जमिनींत कुंदा म्हणून जें गवत असतें त्याचीं मुळें याहूनही खोल जातात. आमच्या तुकड्यांत तें नाहीं हें आमचें भाग्य. लव्हाळ्याची रचना तर पाहण्यासारखी आहे. त्याचें एक झाड जपून खणून मुलांनीं धुतलें, तेव्हां बारीक तंतूंनीं ओवलेली गांठींची माळ निघाली. या माळेचा एक नियम आहे. माळ अखंड असेपर्यंत टोंकाची गांठ फुटते व मागल्या गांठी बहुधा निजून राहतात. जणूं पुढारी जिवंत असतांना मागले मुकाट बसतात. माळ तुटली कीं हा धाक नाहींसा होतो व निजलेली प्रत्येक गांठ जागी होते. वरचा हिरवा शेंडा खुरप्यानें छाटून आपण समाधान मानतों. खालीं मात्र एकाचे चार झालेले असतात. जगांतील सर्वांत उपद्रवी तणांच्या गणनेंत शास्त्रज्ञांनीं लव्हाळ्यास पहिलें स्थान दिलें आहे, तें उगीच नव्हे.

या वर्गाचा वैरी एकच, तो म्हणजे आपल्याकडचा एप्रिल-मे महिन्यांचा सूर्य. काशी किंवा गांठ कापल्यानें मरत नाहीं. ती वाळल्यानें मरते. हें एक वाक्य ध्यानांत धरलें म्हणजे सर्व कृति आपोआप सुचते. आम्हीं फेब्रुवारींत पाणी बंद ठेवून वरचा पाला विळ्यानें कापून नेला. मार्च व एप्रिल या दोन महिन्यांत जमीन कुदळीनें वीत-दीड वीत खोल खणली. खणतांना ढेंकळें फोडलीं नाहींत, उलट मोठीं ठेवलीं व उलथून टाकलीं. ढेंकूळ तापतें तशी त्यांतली काशी वाळते, व भेगांतून ऊन खालपर्यंत पोंचतें. पंधरा दिवसांनीं ढेंकळें पुन्हां उलटलीं, ठिसूळ झालेलीं फोडलीं, व काशा आणि गांठी हातांनीं वेंचून पाट्या भरल्या. नांगर व रोटाव्हेटर यांतील भेदही येथेंच आहे. नांगराचा फाळ माती उलटतो व मुळें उन्हावर आणतो. रोटाव्हेटरचीं पातीं मुळें चिरून मातींत कालवितात. लाकडी नांगर बहुधा जमिनीवर ओरखडे काढी. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर तयार केला, तेव्हां त्याचें मोल याच गोष्टींत होतें कीं तो माती खोलवरून पालथी घाली. मोठें क्षेत्र असेल त्यानें कोरड्या जमिनींत खोल नांगरट करावी, व रोटाव्हेटर काशा वेंचून झाल्यावर, अखेरीस, लावावा. आम्हीं पहिल्या वर्षीं हा क्रम उलटा केला, तोही ओल्या जमिनींत.

लव्हाळ्याच्या पुष्कळशा गांठी वरच्या वीतभर मातींत असतात, त्या अशा रीतीनें निघतात. परंतु खोल राहिलेल्या गांठी पावसाबरोबर फुटतातच. त्यांस नवी गांठ धरूं न देणें हा पुढचा उपाय. कोंब वर आल्यावर साधारण तीन आठवड्यांत नवी गांठ धरूं लागते. म्हणून दर दहा-बारा दिवसांनीं प्रत्येक कोंब खुरप्यानें खालच्या गांठीसकट उचकटावा. गांठींतला शिधा हळूहळू संपतो. शिवाय लव्हाळ्याला सावली सोसत नाहीं. म्हणून ज्या कोपऱ्यांत तो फार होता तेथें आम्हीं पहिलें पीक भाजीचें न घेतां तागाचें घेतलें. दाट ताग त्यावर सावली धरतो, आणि फुलावर येतांच, म्हणजे सुमारें ४५ दिवसांनीं, मातींत गाडला असतां उत्तम हिरवळीचें खत होतें.

तिसरा वर्ग झुडुपांचा. आमच्या बांधावरील घाणेरी ही एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं शोभेचें झाड म्हणून या देशांत आलेली परदेशी पाहुणी. तिनें पुढें रानेंच्या रानें व्यापलीं. ती वरून छाटली तर बुडख्यापासून दुप्पट फुटते. सभोंवारची माती उकरून, मुख्य मूळ जमिनीखालीं दोन-तीन बोटें तोडावें, व उपटलेलें झुडूप मुळें वर करून उन्हांत ठेवावें, म्हणजे तें पुन्हां मातीला लागत नाहीं. हें काम फळें पिकण्यापूर्वीं करावें. कारण काळीं फळें पांखरें खातात व बीं दूरवर नेतात.

उपटलेल्या तणाचें काय करावें, या प्रश्नाकडे फार थोडे लक्ष देतात. आम्हीं दोन ढीग केले. बीं न धरलेला कोवळा पाला खतखड्ड्यांत घातला. काशा, गांठी आणि बीं धरलेलीं झाडें विहिरीच्या दगडी कट्ट्यावर पसरून कडक वाळविलीं, नंतर बाहेर जाळलीं. खतखड्डा चांगला तापला तर त्यांत बीं मरतें हें खरें. परंतु शाळेच्या लहान खड्ड्यांत कडेचा भाग थंडच राहतो. अर्धवट कुजलेलें शेणखतही याच कारणानें वर्ज्य. गाईनें खाल्लेल्या गवताचें बीं त्यांतून सुखरूप वाफ्यांत येतें. वाफ्यांतच आग लावून मोकळें होण्याचा सल्ला आम्हांस एकानें दिला होता. आगीनें वरचा पाला जळतो, काशा खालीं थंड राहतात, व जमिनीचा उपयुक्त पालापाचोळा मात्र राख होतो. दुसऱ्यानें मिठाचा उपाय सांगितला. त्यानें तणाबरोबर जमीनही मरते.

तणनाशकाची फवारणी करावी असेंही कित्येकांनीं सुचविलें. ग्लायफोसेट हें औषध १९७४ पासून बाजारांत आहे, व हराळी-लव्हाळ्यावर तें मुळापर्यंत पोंचतें यांत शंका नाहीं. परंतु २०१५ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें त्यास मनुष्याला बहुधा कर्करोगकारक अशा वर्गांत घातलें. अन्य कांहीं देशांच्या अधिकृत संस्थांचें मत तसें नाहीं. आपल्या केंद्र सरकारनें ऑक्टोबर २०२२ मध्यें त्याचा वापर कीटकनियंत्रणाचा व्यवसाय करणाऱ्यांपुरता मर्यादित करणारा आदेश काढला. या वादांत निर्णय देण्याचा आमचा अधिकार नाहीं; परंतु जेथें मुलें अनवाणी वावरतात व जवळच पिण्याची विहीर आहे, तेथें फवारा मारावयाचा नाहीं, एवढा निर्णय आमच्या अधिकारांतला होता व तो आम्हीं घेतला.

मे महिन्यांत सुटी लागली. जवळच्या गांवचीं कांहीं मुलें आठवड्यांतून दोन सकाळीं येत. त्यांच्याकडून एका वाफ्यावर आम्हीं निराळा प्रयोग करविला. माती सारखी करून, भरपूर भिजवून, तिच्यावर पारदर्शक प्लास्टिकचा पातळ कागद घट्ट अंथरला व कडा मातीनें दाबल्या. सहा आठवडे तो तसाच ठेवला. ऊन कागदांतून आंत जातें व उष्णता आंतच कोंडली जाते. माती ओली असल्यानें ती खालवर पोंचते, व वरच्या थरांतील बीं आणि रोगांचे जंतु मरतात. ही पद्धति इस्रायलमधील याकोव्ह काटान व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९७६ सालीं प्रसिद्ध केली. कागद काळा असूं नये. काळा कागद स्वतः तापतो, मातीपर्यंत ऊन पोंचूं देत नाहीं. त्या वाफ्यांत पावसाळ्यांत काटेमाठ व टाकळा जवळजवळ उगवला नाहीं. लव्हाळा मात्र उगवला. त्याचा अणकुचीदार कोंब प्लास्टिक भोंसकून वर येतो, हेंही मुलांनीं डोळ्यांनीं पाहिलें.

शेवटची पायरी सर्वांत सोपी, आणि मुलांना सर्वांत अवघड गेलेली. मृगाचा पाऊस पडला, माती सुगंधली, वाफसा आला. आणि आम्हीं पेरूं दिलें नाहीं! आठ-दहा दिवसांत वरच्या थरांतील तणाचें बीं उगवून वाफे हिरवे झाले. मग निरभ्र दिवस पाहून तें हिरवें कोवळें तण खुरप्यानें अगदीं वरवर, दोन बोटांहून खोल न जातां, कापून उन्हांत वाळूं दिलें. खोल गेलों असतों तर खालचें निजलेलें बीं वर आलें असतें. जाणते शेतकरी पहिल्या पावसानंतर वखराची पाळी घालून पेरतात त्यांतलें मर्म हेंच. पाऊस लांबण्याचें भय असेल तेथें इतकें थांबणें परवडत नाहीं, हें आम्ही जाणतों. परंतु ज्याच्याजवळ विहिरीचें पाणी आहे त्यानें पाऊस पडण्यापूर्वींच वाफे भिजवून हें काम उरकून घ्यावें.

फळ काय मिळालें तें सांगतों. जमीन निर्मळ झाली असें आम्हीं म्हणणार नाहीं. दक्षिणेच्या कोपऱ्यांत अद्याप हराळी डोकें काढते, आणि बांधावरून ती आंत येऊं नये म्हणून दर महिन्यास कडेनें वीतभर चर साफ करावा लागतो. तरी गेल्या पावसाळ्यांत गवार, भेंडी व मेथी यांची भाजी आठवड्यांतून दोन वेळां वसतिगृहाच्या स्वयंपाकघरांत गेली, आणि खुरपणीला पूर्वीं जेथें रोज सकाळ जाई तेथें आठवड्यांतून एक सकाळ पुरूं लागली.

ज्या मुलानें तो प्रश्न विचारला होता, त्याच्या घरीं विहिरीजवळ दोन गुंठ्यांचा एक तुकडा हराळी व लव्हाळ्यामुळें वडिलांनीं सोडून दिलेला होता. "तेथें कांहीं होत नाहीं," असें घरांत ठरून गेलें होतें. गेल्या उन्हाळ्यांत वडील तोडणीहून परत आल्यावर दोघांनीं तो तुकडा ढेंकळें करून तापविला. वडिलांचा आरंभीं विश्वास नव्हता. दिवसभर राबून दिसतें काय, तर उलथलेली माती व वाळलेल्या काशांचा ढीग. परंतु ऑगस्टांत हा मुलगा घरून येतांना पिशवीभर गवार घेऊन आला व ती त्यानें न बोलतां आमच्या मेजावर ठेवली. आम्हीं विचारलें, "लव्हाळा गेला का रे?" तो म्हणाला, "नाहीं सर. पण आतां तो किती खोल आहे तें माहीत आहे."

विद्यार्थिमित्रहो, आम्हीं लिहिलेल्या सर्व पानांचें सार त्या उत्तरांत आहे. तुमच्यापैकीं पुष्कळांच्या घरीं असा एखादा सोडून दिलेला कोपरा असेल. जूनमध्यें बीं घेऊन त्याकडे धांवूं नका. फेब्रुवारींत खुरपें घेऊन जा, हातभर खड्डा घ्या, माती धुवा, आणि खालीं काय राहतें तें आधीं पाहा.